बाभळीच्या अंगाची माती

आमच्या गावात घरांवर जी माती टाकायचे ती मेलेल्या माणसांची आहे, हे आम्हाला पुण्याच्या लोकांनी येऊन सांगितलं. आम्ही ती किती पिढ्या टाकत होतो कोण जाणे. नांदूरघाटच्या बाजाराला चालत जावं आणि दिवस असताना परत यावं, एवढ्या अंतरावर आमचं गाव. चारी बाजूंनी काळी माती, चपलेला चिकटली की पाय उचलू न देणारी. आणि गावाच्या उशाशी मात्र एक पांढरं टेकाड, राखेचा ढीग करून ठेवल्यासारखं. त्याला आम्ही पांढर म्हणायचो. तिथली माती पाणी पीत नाही. म्हणून उन्हाळा सरत आला की गावातल्या सगळ्या बाया टोपल्या आणि खुरपी घेऊन तिकडे जायच्या, माती खरवडून आणायच्या आणि माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट धाब्यावर, पसरून लाकडी धुमसानं बडवायच्या. धप्‌ धप्‌ धप्‌, सगळ्या गावात तोच आवाज. माती खणताना खापरं निघायची, लाल मणी निघायचे, ते आम्ही पोरी दोऱ्यात ओवायचो. हाडूक निघालं तर बाया म्हणायच्या, जनावराचं असंल, आणि बाजूला फेकायच्या. आता माझ्या लेकाचं बीडमध्ये सिमेंटचं घर आहे, वर स्लॅब आहे आणि तो दर पावसाळ्यात गळतो. पण त्या स्लॅबखाली मला झोप लागते. माळवदाखाली शेवटी शेवटी लागत नव्हती, त्याचं कारण पुढे येईलच.

आम्ही लिंगायत वाणी. गावात किराणा दुकान एकच आणि ते आमचं. दुकान पुढच्या खोलीत, म्हणून घरभर रॉकेल, गूळ आणि मिरचीच्या पोत्याचा वास. भाकरीलाही तो वास यायचा असं मला वाटायचं. अप्पा, म्हणजे माझे वडील, सकाळी अंघोळ करून कपाळभर विभूती लावायचे, गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा करायचे आणि मग दुकानात बसून दिवसभर खोटं बोलायचे. गहू चांगला आहे, तेल ताजं आहे, मापात काही कमी नाही. आवाज असा गोड की ऐकणाऱ्यानं मान डोलवावी. मला तो आवाज लहानपणापासून आवडायचा नाही. लाडूला लागलेल्या खवट तुपासारखा तो होता. पहिला घास गोड लागतो आणि मग घशात बसतो.

घर चालवायची आत्या. अप्पांची थोरली बहीण, लवकर विधवा झालेली, उंच, हाडकुळी, पायात भेगा आणि जिभेला धार. पहाटे तिच्या भाकरीच्या थापा ऐकूनच मी उठायची. येसराची आमटी, अंबाडीची भाजी, शेंगदाण्याची चटणी, सणाला पुरण. तिच्या हाताला चव होती आणि तिला त्याचं काही कौतुक नव्हतं. "खा आन् ऊठ," एवढंच म्हणायची. तिसरी धाकटी आई, अप्पांची दुसरी बायको. ती माझ्याहून फार मोठी नव्हती. बोलायची कमी, चालताना पायाचा आवाज येऊ द्यायची नाही. तिच्या गळ्यात लिंग ठेवायचा चांदीचा चौका होता, कडेला वेल कोरलेला, एका कोपऱ्याला पोचा आलेला. नव्या नवरीच्या चौक्याला पोचा कसा, हे मी कधी विचारलं नाही. पोरं अशा गोष्टी विचारत नाहीत.

माझी आई मी रांगत असताना गेली. कशानं, तर तापानं. कुठं, तर तिच्या माहेरी. तिची समाधी तिकडेच आहे, एवढं आत्यानं सांगितलं होतं. आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. मांडी घालून बसवतात, डाव्या तळहातावर ज्याचं त्याचं लिंग ठेवतात, विभूती, बेल आणि मीठ घालतात. लोक मेलेल्याला आडवं करतात आणि आमची माणसं मेल्यावरही बसलेली असतात, याचा मला लहानपणी अभिमान वाटायचा. चौथी झाली आणि अप्पांनी शाळा बंद केली. मग मी दुकानामागं बसून डाळीतले खडे वेचायची आणि उन्हाळ्यात आत्याबरोबर पांढरीवर जायची. तिथे आत्याचा एकच हुकूम होता. टेकाडाच्या एका टोकाला बाभूळ होती, तिच्या अंगाची, म्हणजे तिच्या बाजूची माती घ्यायची नाही.

"कावून गं आत्या? तिकडं तर भुसभुशीत हाय."

"खारट हाय. माळवद फुगतं. गप इकडं खण."

बाकीच्या बाया बिनधास्त तिकडची माती न्यायच्या. कोणाचं माळवद फुगलेलं मला दिसलं नाही. धाकटी आई नवी होती तेव्हा तिनंही तिकडच्या बऱ्याच टोपल्या आणून आमच्या वरच्या खोलीवर टाकल्या होत्या. आत्यानं तिला त्या दिवशी मारलं. मातीसाठी मार, म्हणून मला आश्चर्य वाटलं होतं.

मग एका हिवाळ्यात, ज्वारी हुरड्यात आली असताना, पुण्याहून जीप आली. तंबू लागले, दोऱ्या बांधून पांढरीचे चौकोन पाडले आणि आमच्या गावातलेच लोक रोजावर घेऊन ते चौकोन खणायला लागले. दिवसभर चाळणीचा आवाज, सर्र सर्र, जसं कोणी कायम पीठ चाळतंय. मोठे साहेब जाड चष्म्याचे, गळ्यात मफलर, बोलताना प्रत्येक वाक्य भाषणासारखं. ते म्हणायचे, इथे हजारो वर्षांपूर्वी माणसं राहायची, त्यांचे वाडगे, त्यांची दळायची जाती, त्यांची चूल. आमच्या गोठ्यात एक दगडी पाटा होता, मधोमध झिजून होडीसारखा झालेला. तो बघून साहेबांनी हात जोडले. "मावशी, हे फार प्राचीन आहे. आम्हाला द्याल का?"

आत्या म्हणाली, "त्यात वासरू पाणी पितं. त्याला इचारा."

साहेब हसले, पण पाटा गेलाच. अप्पांनी संध्याकाळी स्वतः डोक्यावर घेऊन नेऊन दिला. गावानं या लोकांपुढे जी लाळ गाळली ती आठवली की अजून मला कसंतरी होतं. ज्या पाटलानं कधी कोणाला ओसरी चढू दिली नाही तो साहेबांच्या हातावर पाणी घालायचा. आणि हे लोक तरी कसे! शाळेच्या खोलीत राहायचे, अंडी उकडायचे, टरफलं ओट्याखाली टाकायचे. जेवण झालं की त्याच हाताने ब्रश उचलून मेलेल्याची हाडं साफ करायचे. दातात अडकलेलं काडीनं काढत काढत साहेब कवटीकडे बघायचे. आत्या म्हणायची, यांच्या घरात कोणी मरत न्हाई वाटतं.

त्यांच्यात एक बाई होत्या, कुमुदताई. त्या माती खणत नव्हत्या, माणसं खणत होत्या. बाईनं कधी अंघोळ करायची, घरात आधी कोण जेवतं, पाळी आल्यावर कुठं बसतात, मुलगी झाली तर काय वाटतात, हे विचारत घरोघर हिंडायच्या. साहेबांच्या हाताखाली त्यांचं शिक्षण चालू होतं, असं त्या सांगायच्या. त्यांना घरं दाखवायला मी बरोबर जायची, म्हणून मला रोज लिमलेटची गोळी मिळायची. मला त्या आवडायच्या. आवाज मऊ, साडी सुती, आणि माझं बोलणं ऐकून घेणारं माझ्या आयुष्यातलं ते पहिलं माणूस. पण बायकांना त्यांचा उबग यायचा. आमची शेजारीण कोंडामावशी तर तोंडावर म्हणाली, "ताई, आमी कवा जेवतो, कवा हागतो, सगळं इचारलंत. आता तुमचं बी सांगा की. तुमचं लगीन कावून झालं न्हाई?" कुमुदताई लाल झाल्या आणि बायका पदर तोंडात घालून हसल्या.

एके दिवशी त्या आमच्या चुलीपाशी येऊन बसल्या आणि आत्याला विचारलं, तुमच्यात मयताला कसं ठेवतात. आत्या धपाटे लावत होती. तव्यावर तेल सोडता सोडता तिनं सगळं सांगितलं: मांडी कशी घालायची, पाठ टेकवायला खड्ड्याच्या भिंतीत कोनाडा कसा करायचा, लिंग कुठल्या हातावर, राख किती, मीठ कशासाठी. "मान पडू ने म्हणून हनवटीखाली बेलाची गच्च पेंडी लावावी लागती," ती म्हणाली. कुमुदताईंनी धपाटा खाल्ला, चांगला झालाय म्हणाल्या, आणि सगळं लिहून घेतलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत बाभळीच्या अंगाच्या चौकोनात बसलेली बाई निघाली.

आधी राख निघाली, मग मीठ खाल्लेली कडक माती, मग गुडघे. संध्याकाळपर्यंत पाठीचा कणा कोनाड्याला टेकलेला, मांडी घातलेली, डावा हात मांडीवर आणि त्या हाताच्या हाडांत काळा गोल दगड. चांदी नाही, काही नाही, नुसता दगड. साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. सगळा हिवाळा खणून त्यांना खापरं आणि सुटी हाडं सोडून काही मिळालं नव्हतं आणि मुक्काम हलवायची वेळ आली होती. आता समोर शिवाची पूजा करणारी हजारो वर्षांपूर्वीची बाई बसली होती. खड्डा वरून कुठून खणलाय ते बघायला वरची माती जागेवर पाहिजे, असं माझी नात सांगते. ती कॉलेजात हेच शिकते. पण वरची माती होती कुठे? ती आमच्या बायांनी वर्षानुवर्षं खरवडून घरांवर नेली होती. साहेबांना जुनं नवं सांगणारी जी काही खूण होती ती आमच्या माळवदांवर पसरली होती.

सगळं गाव जमलं. साहेब काठावर उभं राहून सांगायला लागले, बघा, तुमचे पूर्वज किती थोर, मरणातही ध्यानस्थ बसलेले. मी बायकांमध्ये उभी होते. मला पहिल्यांदा नवल वाटलं ते या गोष्टीचं की कोणी काही विचारत नव्हतं. आमची माणसं एरवी बैल मेला तरी तासभर बोलतात. इथे बाप्ये एकमेकांकडे बघत होते आणि मिशीत हसत होते. त्यातला एक हळूच म्हणाला, "काय बे, वाण्याची शिवपूजा दिसती," आणि दुसऱ्यानं त्याला कोपर मारलं, कारण अप्पा येत होते. अप्पा आले, वाकून बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर काय आलं आणि काय गेलं ते मी बघत होते, कारण माझ्याही मनात आलंच होतं की असं तर आमच्यात बसवतात. अप्पांनी धोतराचा सोगा सावरला आणि त्यांच्या त्या खवट तुपाच्या आवाजात म्हणाले, "लई जुनं आसंल, साहेब. आमच्या आज्या-पणज्याच्या बी आधीचं."

गर्दी पांगली. कोंडामावशी माझ्या बाजूनं चालत होती. ती वाईट बाई नव्हती, पण तिला तोंडात काही ठेवता यायचं नाही. "गिरजे," ती म्हणाली, "तू कावून अशी खुळ्यागत बघतीस? आगं, तुझीच माय हाय ती. सारा गाव वळखतो. हिरीतून काढली आन् दिस मावळायच्या आत हितं बसिवली. तुमच्या मठाच्या स्वामींनी समाध्यांच्या जागेत येऊ दिली न्हाई, आन् तुझ्या बापाला फौजदार नको हुता."

"ती पडली हुती का?"

"ते तुझ्या बापाला इचार. आमी काय बगाय गेलतो?"

तेव्हा कोणीच बघायला गेलं नव्हतं आणि नंतर कोणीच विचारायला आलं नव्हतं. माझा मामा तेवढा आला होता. तो जेवला, अप्पांशी बोलला आणि परत गेला. गावात दुकान एकच होतं, तेल-मीठ सगळ्यांना लागत होतं. मी घरी गेले तेव्हा आत्या चुलीपुढे बसली होती आणि चूल पेटवलेली नव्हती. मी काही विचारायच्या आधीच ती म्हणाली, "व्हय. मीच बसिवली तिला. तुझ्या बापानं तिच्या गळ्यातली चांदी काडून घेतली, म्हनला चांदी कशाला मातीत घालायची. दगड तेवढा मी तिच्या हातात ठिवला." मी धाकट्या आईकडे बघितलं. ती दारात उभी होती, आणि तिचा हात तिच्या गळ्यातल्या चौक्यावर होता, त्या पोच्यावर. तिला तेव्हाच कळलं, मला वाटतं. मला मात्र त्या क्षणी वरच्या खोलीचं माळवद आठवलं. आईच्या अंगावरची माती आमच्या डोक्यावर होती, मी तिच्याखाली झोपत होते.

लोक मला विचारतात, तुला रडू आलं का. नाही आलं. किळस आली. अप्पांची आली, त्या मिशीत हसणाऱ्यांची आली, रोज सकाळी कपाळाला लागणाऱ्या त्या विभूतीची आली. माझ्या मनात एकच होतं: हे लोक जीप भरून जाणार आणि माझी आई त्यांच्या सामानात जाणार, आणि हे थांबवू शकणारं माणूस एकच आहे आणि ते दुकानात बसून गुळाची ढेप फोडतंय. मी अप्पांकडे गेले. म्हणाले, साहेबांना सांगा. त्यांनी ढेपेवरून नजर काढली नाही. "काय सांगू?" म्हणाले. "गिऱ्हाईक हाय, आत जा."

दुसऱ्या दिवशी अप्पांनी साहेबांना आणि त्यांच्या माणसांना दुपारी पुरणपोळीचं जेवायला बोलावलं. खड्डा आमच्याच बांधाला लागून होता, वर्तमानपत्रात नाव येणार होतं. आत्या म्हणाली मी रांधणार नाही. अप्पा आत गेले, दार लोटलं, आणि बाहेर आले तेव्हा आत्या पुरण वाटत होती. ओसरीत पंगत बसली. अप्पा स्वतः गुळवणी वाढत होते. साहेबांना मांडी घालून बसता येत नव्हतं, ते एक पाय लांब करून बसले होते आणि सांगत होते, डोकं सकाळीच जीपनं पुढे पाठवलंय, दात फार सुस्थितीत आहेत, त्यावरून वय काढता येईल, बाकीचं उद्या उचलू. माझ्या हातात तुपाची वाटी होती. मी साहेबांच्या पानापुढे उभी राहिले.

"साहेब, ती बाई जुनी न्हाई. ती माझी माय हाय."

चमच्यातून तूप ठिबकत होतं, ते खाली सांडत राहिलं. अप्पा हसले. खरंच हसले. "पोरीला माय न्हाई ना साहेब, तिला कुटं बी माय दिसती," ते म्हणाले. पंगतीत चुकचुक झाली. कोणीतरी 'बिचारी' म्हणालं. इतक्या वर्षांत माणसांची जी जी नीच बोलणी मी ऐकली, त्यात या वाक्याच्या जवळपास जाणारं एकही नाही. कारण ते त्यांना सुचलं फार पटकन. मी कुमुदताईंकडे बघितलं. त्यांची मान खाली होती आणि त्या पानातलं मीठ बोटानं इकडून तिकडे करत होत्या.

तेवढ्यात आत्या आतून आली. हात पिठाचे, पदर खोचलेला. बाहेरच्या बाप्यांच्या पंगतीत ती कधी येत नसे. "पोरगी खरं बोलती," ती म्हणाली. "माजी भावजय हाय ती. मी हातानं बसिवली. या ताईला इचारा, मी चुलीपाशी बसून सगळं सांगितलंय तिला, मांडी कशी, दगड कुटल्या हातात, मीठ किती. हनवटीखाली बेलाची पेंडी लावली हुती, तिच्या काड्या बी निघाल्या आसतील तुमाला."

काड्या निघाल्या होत्या. ते साहेबांच्या तोंडावरून कळलं. पण त्यांच्या तोंडात पोळीचा घास होता आणि तो घास थांबला नाही. त्यांनी तो चावला, गिळला, वरून गुळवणी प्याले आणि मग अप्पांना म्हणाले, "तुम्ही आधी सांगायला हवं होतं." डाळीत खडे निघाल्यावर गिऱ्हाईक बोलतं तसं. अप्पा म्हणाले, "तुमी इचारलंच न्हाई, साहेब." आणि दोघांनी एकमेकांकडे बघितलं. ते बघणं मी विसरणार नाही. एकाला फौजदार नको होता, दुसऱ्याला हसं नको होतं. बाई मेली कशी, हे त्या पंगतीत एकाही माणसानं विचारलं नाही. साहेबांनी पान पूर्ण केलं. दुसरी पोळीही घेतली.

संध्याकाळी हाडं आमच्या दारात आली, आमच्याच दुकानाच्या साखरेच्या रिकाम्या पोत्यात. डोकं नव्हतं. साहेबांनी निरोप दिला होता की पुण्याला पोचलो की परत पाठवतो. आत्यानं स्वतःचं धुतलेलं लुगडं अंथरलं आणि एकेक हाड काढून ठेवायला लागली. कुमुदताई आल्या, माझ्याजवळ बसल्या, माझ्या हातात गोळी ठेवली. सवयीनं मी ती तोंडात टाकली. मग त्या हळूच म्हणाल्या, "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं गं. पण सरांपुढे कसं बोलणार? माझं सगळं शिक्षण त्यांच्या हातात आहे."

मी गोळी थुंकली. त्यांच्या पायापाशीच पडली, लाळेसकट. अडाणी माणसाचं गप्प बसणं मला समजतं, त्याला मीठ-मिरची लागते. पण घरोघर फिरून बायकांच्या पोटातलं काढून घेणाऱ्या बाईला बोलायची वेळ आली की सर आठवतात, हे मला तेव्हाही समजलं नाही आणि आताही समजत नाही. पुढे त्यांनी आमच्या गावावर मोठं पुस्तक लिहिलं म्हणतात. त्यात आम्ही मेलेल्याला कसं बसवतो ते सविस्तर असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या आणि मी लुगड्याचं गाठोडं घेऊन आमच्या लोकांच्या जागेत गेलो, जिथं समाध्या आहेत. स्वामी वाटेत आडवे आले. असं करता येत नाही म्हणाले, विधी झालेला नाही, मरण कसलं होतं ते माहीत आहे. आत्या म्हणाली, "स्वामी, मी इचाराय आले न्हाई, सांगाय आले. बाजूला व्हा, न्हाईतर ह्या गाठोड्याला हात लावून मला थांबवा." स्वामींनी हात लावला नाही. खड्डा आम्हीच खणला. काळी माती, कुदळ चिकटत होती. अर्ध्यावर असताना धाकटी आई आली. ती घरातून न विचारता कुठं जात नसे. तिनं गळ्यातला चौका काढला, त्यातलं आपलं लिंग पदरात बांधून घेतलं आणि रिकामी चांदी आत्यापुढे धरली. आत्यानं आईचा दगड त्या चांदीत घातला. मग ती अडली. डोकं नसलेल्या माणसाला बसवायचं कसं? तिनं थोडा वेळ विचार केला आणि मला दुकानात पिटाळलं. मी गल्ल्यापुढून, अप्पांच्या डोळ्यांदेखत एक नारळ उचलून आणला. त्यांनी विचारलं नाही. तो नारळ आम्ही मानेच्या जागी ठेवला आणि हनवटीखाली लावतात तशी बेलाची पेंडी लावली.

डोकं परत आलं नाही. फौजदारही आला नाही. साहेबांची माणसं खड्डा बुजवून निघून गेली आणि गाव पुन्हा पांढरीची माती न्यायला लागलं. आमच्या घरात एवढाच फरक पडला की धाकटी आई त्यानंतर विहिरीवर कधी एकटी गेली नाही, आणि आत्यानं वरच्या खोलीचं माळवद उकरून टाकलं. अप्पा पुष्कळ जगले. शेवटी बीडच्या दवाखान्यात होते, मीच डबा नेत होते. एकदा खाटेशी कोणी नाही असं बघून मी विचारलं, "ती पडली, का तिनं उडी मारली, का तुमी ढकलली?" त्यांनी डोळे मिटले आणि त्याच आवाजात म्हणाले, "मला काय म्हाईत." मी डबा उचलला आणि घरी आले. त्या दिवशी त्यांना जेवण मिळालं नाही.

हे सगळं मी लिहायला बसले त्याचं कारण माझी नात. मागच्या महिन्यात कॉलेजबरोबर एका मोठ्या शहरातलं संग्रहालय बघायला गेली होती. तिथून तिनं मोबाईलवर फोटो पाठवला. काचेच्या पेटीत कापसावर एक कवटी, दात सगळे जागेवर, आणि बाजूला आमच्या गावाचं नाव. खाली छापील पाटी. डोळे अधू झालेत म्हणून तिलाच फोनवर वाचायला लावलं. स्त्री, तरुण. बसवलेलं प्राचीन दफन, हातात पूजेचा दगड. मृत्यूचं कारण अज्ञात.

"अज्ञात म्हंजे?" मी विचारलं. शब्द मला येत होता.

"म्हणजे माहीत नाही, आजी."

अप्पांचं उत्तर त्यांनी छापून लावलं होतं. मी तिला म्हणाले, उद्या परत जा आणि तिथल्या माणसाला सांग, ही माझ्या आजीची माय हाय, आमची आमाला द्या. नात शिकलेली आहे, ती घुटमळली. "आजी, असं कसं देतील? ते पुरावा मागतील. काय सांगू?"

"सांग, मानेखालचं सगळं आमच्याकडं हाय," मी म्हणाले. "म्हनावं, या आन् जोडून बगा."